गुलाबी कोकरू

कोकरू गुलाबी झालंय हे सगळ्यात आधी वहिनीने पाहिलं, आणि तिने मशिनचं दार पुन्हा लावून टाकलं. मनात पाच आकडे मोजले. दार उघडलं. कोकरू गुलाबीच होतं.

ओलं वस्त्र दोन्ही हातांवर आडवं घेऊन ती डागांच्या टेबलाशी आली. ख्रिस्ती देवळाच्या वेदीवर अंथरायचं ते तागाचं वस्त्र. तागाने रंग थोडाच धरला होता, लाजल्यासारखी झाक आली होती नुसती. पण मधलं कोकरू रेशमाच्या टाक्यांनी भरलेलं, आणि रेशीम अधाशी. त्याने मिळेल तेवढा रंग पिऊन घेतला होता. कान, पाय, शेपूट, सगळं कसं वाढदिवसाच्या केकवरून उतरून आल्यासारखं.

“अहो!” वहिनीने हाक मारली.

लग्नाला पंचवीस वर्षं झाली होती आणि तिच्या ‘अहो’चे तीन प्रकार होते. हा तिसरा. दादा इस्त्री आडवी टाकून पलीकडच्या खोलीतून पळत आला. त्याने कोकराकडे पाहिलं, मग भिंतीवरच्या घड्याळाकडे. दीड वाजला होता. चार वाजता देवळात ऑर्गन वाजवणाऱ्या ऑर्गनबाई वस्त्र न्यायला येणार होत्या. उद्या रविवार, देवळाच्या मंडळीला शंभर वर्षं पुरी होणार, बिशप येणार, आणि हे वस्त्र वेदीवर पसरलं जाणार.

“काका कुठे आहेत?” दादाने विचारलं.

“गाडी घेऊन गेलेत, हॉटेलच्या चादरी पोचवायला. सकाळपासून इथे नाहीत.”

“मग ठीक आहे,” दादाचा जीव भांड्यात पडला. “आले की सांगू त्यांना, त्यांनी काय केलं ते.”

लाँड्रीत बेचाळीस वर्षं असंच चालत आलं होतं. डॉक्टरांच्या कोटाला इस्त्रीचा त्रिकोण उमटला, काकांनी केलं. शाळेचे पडदे आटून खिडकीच्या अर्ध्यावर आले, काकांनी केलं. गिऱ्हाईक आवाज चढवू लागलं की काका आतून हात पुसत यायचे, मान खाली घालून म्हणायचे, “माझ्याकडून झालं हो,” आणि त्यांचा चेहरा इतका गरीब होता की माणूस पुढचं बोलणं गिळून टाकायचा. त्यामुळे घरातला सगळ्यात चांगला धुलाईवाला गावभर सगळ्यात वेंधळा म्हणून प्रसिद्ध होता. त्यांचं स्वतःचं त्याबद्दल काही म्हणणं असेल, असं कोणाच्या डोक्यात आलं नव्हतं.

“या वेळी नाही चालायचं,” वहिनी म्हणाली. “हे कोकरू कोणी भरलंय?”

दादाचा चेहरा उतरला. कोकरू ऑर्गनबाईंनी भरलं होतं. दोन वर्षं, रोज संध्याकाळी, ऑर्गनचा सराव संपल्यावर. आणि तीन आठवड्यांनी याच ऑर्गनबाई, वयाच्या बावन्नाव्या वर्षी, अठ्ठावन्न वर्षांच्या काकांशी लग्न करणार होत्या.

“वस्त्र देताना त्या काकांना काय म्हणाल्या, ऐकलंत ना? ‘एवढ्या एकाला तुमचा हात लागू देऊ नका हं, मी ऐकून आहे सगळं.’ हसत म्हणाल्या. पण वस्त्र त्यांच्या हातात न देता माझ्या हातात दिलं.”

दादाने केसांतून हात फिरवला.

“आत्याला बोलव,” तो म्हणाला.

*

घड्यांच्या खोलीत लांब टेबलाच्या टोकाशी आत्या बसली. कोणी कोणत्याही नात्याने लागो, घरात ती सगळ्यांची आत्या होती आणि तिचा धाकटा भाऊ सगळ्यांचा काका. आत्या सहासष्ट वर्षांची, ताठ कण्याची, रविवारच्या शाळेत चाळीस वर्षं मुलांना पवित्र शास्त्र शिकवणारी. तिने हातातली पिशवी टेबलावर ठेवली, मग विचार बदलून मांडीवर घेतली.

पिशवीच्या तळाशी, कागदात गुंडाळलेला, एक ओला लाल ब्लाउज होता.

जन्मभर आत्याने राखाडी आणि निळं वापरलं होतं, कोणी गेलं की काळं. पण गेल्या आठवड्यात एका दुकानाच्या आरशासमोर तिने तो लाल ब्लाउज अंगाला लावून पाहिला आणि आरशातली बाई तिला आवडली. भावाच्या लग्नात घालायचा, तोवर कोणाला दिसू द्यायचा नाही. आज जेवायच्या वेळी खाली कोणी नव्हतं, छोटं मशिन गार पाण्यावर हळुवार फिरत होतं. तिने ब्लाउज त्यात सोडला, दहाच मिनिटं. नव्या कापडाची खळ काढायची, एवढंच. मशिनच्या वरच भिंतीवर पाटी होती: ‘नवा रंगीत कपडा एकटा धुवावा.’ अक्षर आत्याचं.

“कोणी केलं हे विचारत बसायला वेळ नाही,” आत्या म्हणाली. “बाईंना काय सांगायचं ते ठरवा.”

“मशिनने केलं म्हणू,” दादा म्हणाला.

“मशिनला आत्मा नाही. त्याला दोष देता येत नाही.”

“मग काकाच राहिले.”

“काकांचं लग्न मोडेल हो!” वहिनी वाकून कामाला लागली होती. तिने वस्त्र पालथं घातलं होतं, खाली जाड सुती कापड पसरलं होतं आणि वरून ओल्या बोळ्याने टिपत रंग खालच्या कापडात उतरवत होती. “बाईंना वाटेल, सगळं गाव बोलतं ते खरंच आहे. सांगूनसुद्धा यांनी हात लावलाच.”

“एवढ्यावरून लग्न मोडत नाही,” आत्या म्हणाली, पण तिचा आवाज नेहमीसारखा ठाम लागला नाही. मांडीवरची पिशवी गार लागत होती. “आणि त्याची ना नसते कधी. थोरले सांगून गेलेत.”

थोरले म्हणजे आत्याचे वडील, लाँड्री उभी करणारे. ते गेले तेव्हा उशाशी आत्या एकटीच होती, आणि त्यांचे शेवटचे शब्द तिने घराला सांगितले होते: एक येईल आणि सगळ्यांचे डाग तोच आपल्यावर घेईल. घरात ते वाक्य शास्त्रासारखं चालायचं.

“आत्या,” कोपऱ्यातून आवाज आला, “मला एक विचारायचंय.”

दादाने डोळे मिटले. ही त्याची मुलगी टाचणी. तेवीस वर्षांची, पाळक होण्यासाठी धर्मशिक्षणाच्या कॉलेजात दुसऱ्या वर्षाला होती आणि सुटीसाठी घरी आली होती. नाव तिला लहानपणीच पडलं होतं, कारण ती जिथे बसायची तिथे कोणीतरी ओरडून उठायचं.

*

टाचणीला थोरले आठवायचं कारण नव्हतं, ती जन्मायच्या कितीतरी आधी ते गेले. पण त्यांची एक गोष्ट तिला फार आवडायची. एकदा पाळकांनी उपदेशात सांगितलं की तारण झालेल्या लोकांनी आपले झगे कोकराच्या, म्हणजे येशूच्या, रक्तात धुऊन पांढरे केले. थोरल्यांनी बाहेर पडताना पाळकांना दारातच गाठलं आणि अगदी मनापासून विचारलं, “साहेब, पाणी गार होतं ना पण? रक्ताला गरम लावलं तर जन्मात निघत नाही.” असा माणूस मरताना भाकीत कसलं करतो, हे तिला कधी पटलं नव्हतं.

“थोरले नक्की काय म्हणाले, आत्या?”

“शंभरदा सांगितलंय. एक येईल आणि सगळ्यांचे डाग तोच घेईल.”

“त्याच्या आधी काय म्हणाले?”

“आधी?”

“आम्हाला हेच शिकवतात. ओळ एकटी वाचायची नाही. आधीची वाचायची, नंतरचीही.”

आत्याने पिशवीचे बंद घट्ट धरले. खोटं बोलणं तिला फार जड जायचं. गप्प राहायला जमायचं, पण आज आधीच एका गोष्टीवर ती गप्प होती आणि दुसरीला जागा उरली नव्हती.

“त्याआधी ते गठ्ठ्याबद्दल बोलत होते,” ती म्हणाली.

“कसला गठ्ठा?”

“सुती कापडाचा. डागाखाली ठेवतात त्या. मागवला होता आणि आला नव्हता.”

वहिनीचा हात बोळ्यासकट थांबला. तिने खालचं कापड उचलून पाहिलं. वरचा रंग त्याच्यात उतरून ते चांगलंच गुलाबी झालं होतं.

“म्हणजे,” दादा हळूच म्हणाला, “बेचाळीस वर्षं आपण ज्याला काका समजत आलो तो म्हणजे फडकं?”

“जीभ आवर!” आत्या कडाडली. “दुसऱ्या दिवशी गठ्ठा आला, खरं आहे. पण त्याच दिवशी तुमचा काकाही दप्तर टाकून घरी आला, सोळा वर्षांचा, म्हणाला मी आता लाँड्रीतच काम करणार. दोघं एकाच दारातून, एकाच सकाळी. मी काय समजायचं?”

सगळे हसतील असं टाचणीला वाटलं होतं. ती स्वतः हसली नाही.

“समजण्यात चूक नाही गं,” ती म्हणाली. “संदेष्ट्यांच्या ओळींचंही तसंच झालंय. इतरांची दुखणी आपल्या अंगावर घेणारा, कातरणाऱ्यापुढे मेंढरू गप्प राहतं तसा गप्प राहणारा एक सेवक. ते लिहिलं तेव्हा बंदिवासातल्या लोकांनी त्यात आपलीच प्रजा पाहिली असेल. यहुदी लोक आजही बहुतेक तसंच वाचतात. येशूला वधस्तंभावर दिल्यावर त्याच्या शिष्यांनी तीच जुनी गुंडाळी उलगडली आणि त्यांना तिच्यात त्याचा चेहरा दिसला. भाकीत म्हणजे आगगाडीचं वेळापत्रक नव्हे, की अमक्या वाजता अमका येईल. आधी माणूस भेटतो, मग ओळ उजळते.”

“मग माझं कुठे चुकलं?”

“येशू स्वतः गेला, आत्या. माझा जीव कोणी हिसकावत नाही, मी देतोय, असं सांगून गेला. काकांना कोणी विचारलं? सोळा वर्षांच्या पोराला तू सांगितलंस, आपले बाबा तुझ्याबद्दल बोलून गेलेत. त्याने काय करायचं होतं?”

“पण कोणीतरी लागतंच ना?” दादा म्हणाला. “बळी म्हटला की…”

“जुन्या नियमात कोकरू घेऊन कोण यायचं, बाबा? ज्याने पाप केलं तो. स्वतः चालत. कोकराच्या डोक्यावर हात ठेवायचा, सगळ्यांदेखत. आपल्याकडे कोकरू एकटंच जातं आणि करणारा आत चहा पीत बसतो.”

दादाने हातातला कप खाली ठेवला.

“आणि येशूचं बळी जाणं एकदाच झालं,” टाचणी आता थांबणार नव्हती. “एकदा, सगळ्यांसाठी. त्यानंतर जगातल्या सगळ्या कोकरांना सुटी. हे मला कॉलेजात नाही शिकवलं. हे रविवारच्या शाळेत तू शिकवलंस, मी सहा वर्षांची असताना, फळ्यावर खडूने मेंढी काढून. मग आपण घरात दुसरं कोकरू कशाला पाळलंय?”

आत्याने तोंड उघडलं. काहीतरी येत होतं, अगदी ओठांपर्यंत आलं होतं. तेवढ्यात बाहेर गाडीचा हॉर्न वाजला.

*

काका शीळ घालत आत आले, चौघांचे चेहरे पाहिले आणि खुशीत म्हणाले, “काय केलं मी?”

वहिनी बाजूला झाली. काकांनी वस्त्र सरळ केलं आणि त्यांची शीळ विझली. ते वाकले. पुढच्या खुराच्या टाक्यात एक तंतू अडकला होता, केसाएवढा, लाल. त्यांनी तो नखाने काढला आणि बोटांत फिरवला. नवं सूत, स्वस्त रंग, पहिलीच धुलाई. मग त्यांची नजर आत्याच्या मांडीवरच्या पिशवीवर गेली. पिशवीखाली फरशीवर गुलाबी पाण्याचे दोन थेंब होते.

गेल्या आठवड्यात चौकातून गाडी नेताना त्यांनी दुकानाच्या काचेतून पाहिलं होतं: बहीण आरशासमोर उभी, छातीशी लाल काहीतरी धरलेलं, मान जराशी कलती. काकांनी गाडी हळू केली होती, मग तिला दिसू नये म्हणून पटकन पुढे काढली होती. तिला तसं उभं राहिलेलं त्यांनी पूर्वी कधी पाहिलं नव्हतं. सहासष्ट वर्षांत एक लाल कपडा घेतला, तोही माझ्या लग्नासाठी.

त्यांनी तो तंतू खिशात टाकला.

“मीच,” ते म्हणाले.

“काका, तुम्ही इथे नव्हता!” टाचणी ओरडली.

“सकाळी जाताना मशिनमध्ये काहीतरी टाकून गेलो असेन.”

“वस्त्र मशिनमध्ये मी घातलं, बारा वाजता,” वहिनी म्हणाली. “आणि बाई काय म्हणतील?”

“बाईंना मी सांगतो.”

खरं सांगायचं तर काकांना या कामाची सवय होती, आणि थोडं सुखही. ज्याच्याकडून सगळंच बिघडतं त्याच्याकडून कोणी फार अपेक्षा करत नाही. माणूस निवांत जगतो. पण आज हात कोरडे झाले तरी ते पुसतच राहिले. या एका बाईने त्यांच्याकडून अपेक्षा ठेवली होती.

आत्या त्यांच्याकडे बघत होती. त्यांनी तिच्याकडे बघायचं टाळलं.

*

चारला दहा कमी असताना ऑर्गनबाई पुठ्ठ्याचा चपटा खोका घेऊन आल्या. टेबलाच्या एका बाजूला पाचजण ओळीने उभे होते. इतक्या वर्षांच्या अनुभवाने बाईंनी ओळखलं, गाणं पाठ न करता आलेला गायकवर्ग असाच उभा राहतो.

“बाई,” काका म्हणाले, “कोकरू बिघडलं. माझ्याकडून.”

बाईंनी वस्त्र पाहिलं. तागाचा रंग वहिनीने पुरता काढला होता. कोकराचं अंगही जवळजवळ पांढरं झालं होतं. कान मात्र गुलाबीच राहिले होते, आणि पुढचा एक पाय. तो पाय बाईंनी तीनदा उसवून चौथ्यांदा भरला होता. त्यांनी त्याच्यावरून बोट फिरवलं. गावातले लोक बोलायचे तेव्हा त्या मनाशी म्हणायच्या, लोकांना काय. आता तीन आठवडे उरले होते आणि समोर हा माणूस मान खाली घालून उभा होता, अगदी लोक सांगायचे तसा.

“मी तुम्हाला एवढंच सांगितलं होतं,” त्या हळू म्हणाल्या.

“हो.”

“तरी?”

“हो.”

खोका उचलावा की ठेवावा हे बाईंना कळेना.

“खोटं बोलतोय तो.”

आत्या पुढे झाली. तिने पिशवी उघडली, कागद फाडला आणि ओला लाल ब्लाउज टेबलावर आपटला. पाणी उडून दादाच्या चष्म्यावर गेलं.

“हे माझं. मशिनमध्ये मी घातलं. चोरून. लग्नात नटायचं होतं मला.” तिचे कान कोकराच्या कानांपेक्षा लाल झाले होते. “आणि तास-दोन तास इथे बसून मी बघत राहिले की हा माझ्यासाठी जातोय का. आला, तंतू उचलला, माझ्या पिशवीकडे पाहिलं आणि माझ्यासाठी गेलाच. याने काही केलेलं नाही. कधीच काही केलेलं नाही.”

बाईंनी काकांकडे पाहिलं. “कधीच?”

दादाने चष्मा काढला. “डॉक्टरांचा कोट मी जाळला होता,” तो कोणाकडेच न बघता म्हणाला. “मॅच ऐकत होतो.”

“शाळेचे पडदे मी आटवले,” वहिनी म्हणाली.

“आधीच्या बिशपांचा रेशमी पट्टा मी मांजरीला बांधला होता,” टाचणी म्हणाली. “मी आठ वर्षांची होते. पण बांधला होता.”

“तू?” दादा आणि वहिनी एकदम म्हणाले.

बाई खुर्चीवर बसल्या. वस्त्र त्यांनी मांडीवर ओढून घेतलं. “कानांवर उद्या फुलदाणी येईल,” त्या म्हणाल्या, “आणि पाय मी सकाळी उसवते.” मग काकांकडे वळून, “एवढं सगळं तुम्ही केलं नाहीत. मग आजवर तुम्ही केलंत तरी काय?”

इतका वेळ गरीब दिसणारा काकांचा चेहरा एकाएकी तसा दिसेना. त्यांनी घसा साफ केला.

“एकच,” ते म्हणाले. “तुमचा हिरवा कोट.”

आत्या गर्रकन वळली. “काय?”

दोन वर्षांपूर्वी ऑर्गनबाईंनी आपला हिरवा लोकरीचा कोट इथे दिला होता आणि त्यांना तो परत मिळाला तेव्हा एखाद्या शाळकरी मुलीला बसला असता. त्या भांडायला आल्या. आत्या पुढे झाली होती आणि म्हणाली होती, माझ्या हातून झालं. तेव्हापासून बाईंनी देवळात आत्याला नमस्कार करणं सोडलं होतं.

“उकळत्या पाण्यात घातला,” काका म्हणाले. “मुद्दाम. कोट चांगला मिळाला असता तर तुम्ही पुन्हा कशाला आला असता? म्हटलं, भांडायला याल. मी बाहेर येईन, माझ्याकडून झालं म्हणेन, तुम्ही रागवाल, मग मी दुसरा कोट बघायला तुम्हाला सोबत नेईन… सगळं ठरवून ठेवलं होतं.”

“मग आला का नाहीत बाहेर?”

“हात पुसून निघालो, तर आत्या आधीच पोचलेली.”

आत्याचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. “मी तुला तो कोट पाण्यात टाकताना पाहिलं! मला वाटलं, बिचाऱ्याच्या हातून जन्मात एकदा खरीखुरी चूक झाली. म्हटलं, याने इतकं घेतलंय, एवढं एक मी घेते. दोन वर्षं या बाईंनी माझ्याकडे मान वळवून पाहिलं नाही, मी तोंडातून अवाक्षर काढलं नाही. आणि तू मुद्दाम केलं होतंस? म्हणजे माझं सगळं फुकट गेलं?”

“दुसऱ्याचं आपल्यावर घेणं फुकटच असतं, आत्या,” टाचणी म्हणाली. “तोच तर मुद्दा आहे.”

पहिल्यांदा हसल्या त्या ऑर्गनबाई. कोकरू मांडीवर धरून त्या इतक्या हसल्या की डोळे पुसायला त्यांना काही सापडेना. काकांनी रुमाल पुढे केला. तो त्यांनी घेतला, डोळे टिपले, मग उठून टेबलाला वळसा घातला आणि आत्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या.

“नमस्कार,” त्या म्हणाल्या. “दोन वर्षांचे सगळे एकदम घ्या.”